प्राप्तिकर विवरणपत्र न भरण्याचे परिणाम

भारतातील करदात्याने आपल्या उत्पन्नाचे वार्षिक विवरणपत्र मुदतीत न भरल्यास, अपुरे किंवा खोटे भरल्यास, अथवा नोटीस मिळूनही ते भरण्याचे टाळल्यास त्याला कायद्यानुसार विलंब शुल्क, व्याज, शास्ती, वसुली आणि काही प्रसंगी कारावास अशा परिणामांना सामोरे जावे लागते. कर भरणे आणि विवरणपत्र भरणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. पगारातून अथवा देयकातून कर आधीच कापला गेला असला, तरी विवरणपत्राची जबाबदारी संपत नाही. उशीर, चूक आणि नकार या तिन्हींत कायदा फरक करतो. उशिराची किंमत तुलनेने अल्प असते, तर जाणूनबुजून दिलेल्या नकाराची किंमत मूळ कराच्या कितीतरी पट होऊ शकते.

या लेखातील कलमे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील असून आकडे २०२५ अखेरच्या तरतुदींप्रमाणे आहेत. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांच्या उत्पन्नास जुनाच कायदा लागू राहतो.

पार्श्वभूमी

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी लागू केला. जमीन महसुलाची आकारणी सरकारी अधिकारी करतो व शेतकऱ्याला रक्कम कळविली जाते. प्राप्तिकराचे तसे नाही. येथे उत्पन्न किती, ते कोणत्या मार्गाने आले व त्यावर कर किती, हे प्रथम करदात्यानेच सांगावयाचे असते. विवरणपत्र हे त्या निवेदनाचे साधन होय. निवेदनच झाले नाही, तर संपूर्ण करव्यवस्थेचा पाया डळमळतो. म्हणून कर शिल्लक नसतानाही विवरणपत्र न भरणे हा कायद्याने स्वतंत्र दोष मानला आहे.

विवरणपत्र कोणाला बंधनकारक आहे

कलम १३९(१) नुसार प्रत्येक कंपनीला व भागीदारी संस्थेला नफा असो वा तोटा, विवरणपत्र भरावेच लागते. व्यक्तीच्या बाबतीत वजावटी घेण्यापूर्वीचे एकूण उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास ते बंधनकारक ठरते. उत्पन्न या मर्यादेत असले, तरी पुढीलपैकी एकही गोष्ट घडल्यास विवरणपत्र भरावे लागते :

- बँकेतील चालू खात्यांत वर्षभरात १ कोटी रुपयांहून अधिक भरणा
- बचत खात्यांत ५० लाख रुपये किंवा अधिक भरणा
- परदेश प्रवासावर २ लाख रुपयांहून अधिक खर्च
- वीजबिलापोटी १ लाख रुपयांहून अधिक खर्च
- व्यवसायाची उलाढाल ६० लाख रुपयांहून अधिक, किंवा डॉक्टर, वकील यांसारख्या पेशातील जमा १० लाख रुपयांहून अधिक
- वर्षभरातील करकपात २५,००० रुपये किंवा अधिक (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपये)

भारतात निवासी असलेल्या व्यक्तीच्या नावे परदेशात मालमत्ता किंवा समभाग असल्यासही हेच बंधन येते. ज्यांच्या खात्यांचे लेखापरीक्षण आवश्यक नाही अशा व्यक्तींसाठी नियत तारीख ३१ जुलै, तर लेखापरीक्षण आवश्यक असलेल्यांसाठी ३१ ऑक्टोबर असते. शासन ही मुदत कधीकधी वाढविते. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत प्रथम १५ सप्टेंबर व नंतर १६ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली होती.

करसवलत म्हणजे विवरणपत्रातून सूट नव्हे. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्रत्यक्ष कर द्यावा लागत नाही. परंतु मूळ करमुक्त मर्यादा ४ लाख रुपयेच आहे. वार्षिक ९ लाख रुपये मिळविणाऱ्यास कर शून्य येतो, तरी विवरणपत्र मात्र भरावेच लागते. त्यातूनच ती सवलत मागितली जाते.

माण आणि परिसरातील संदर्भ

माण हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, हिंजवडीला लागून असलेले गाव आहे. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात विस्तारला असून माण–हिंजवडी–शिवाजीनगर या मेट्रो मार्गिकेचे एक टोक व डेपो येथेच आहे. एका पिढीपूर्वी शेतीवर चालणाऱ्या या पट्ट्यात आज पगार, घरभाडे, जमिनीचा मोबदला, वाहतुकीचा व पाण्याच्या टँकरचा व्यवसाय, खाणावळी असे उत्पन्नाचे अनेक मार्ग एकत्र दिसतात. विवरणपत्राविषयीचे बहुतेक गैरसमज अशाच ठिकाणी निर्माण होतात.

पहिला गैरसमज शेतीविषयी आहे. कलम १०(१) नुसार शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. मात्र सातबाऱ्यावर नाव असल्याने व्यक्तीचे सर्वच उत्पन्न करमुक्त होत नाही. शेतजमिनीवर खोल्या बांधून मिळणारे भाडे हे घरभाड्याचे उत्पन्न होय आणि टँकर अथवा प्रवासी गाड्या चालवून मिळणारा पैसा हे व्यवसायाचे उत्पन्न होय.

दुसरा गैरसमज जमिनीच्या विक्रीचा आहे. ग्रामीण शेतजमीन ही करकायद्याच्या दृष्टीने भांडवली मत्ता नाही. त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. परंतु ‘ग्रामीण’ म्हणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीतील, असा अर्थ कायद्यात नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरांच्या आतील शेतजमीन भांडवली मत्ता ठरते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १७ लाखांहून अधिक होती. माण-हिंजवडीचा पट्टा या महापालिकेच्या वाकड-पुनावळे बाजूच्या हद्दीजवळ असल्याने येथील जमीन विकताना हे अंतर तपासणे अनिवार्य ठरते. अशी जमीन शासनाने सक्तीने संपादित केली असेल व आधीची दोन वर्षे तिच्यावर शेती होत असेल, तर कलम १०(३७) अन्वये सूट मिळू शकते. तसेच विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास कलम ५४बी अन्वये सवलत आहे. परंतु सूट आहे की नाही, याचा निवाडा विवरणपत्रातील माहितीवरून होतो. विवरणपत्रच नसेल, तर विभागाला दिसते ती केवळ बँकेत जमा झालेली मोठी रक्कम.

तिसरा गैरसमज पगारदारांमध्ये आढळतो. कंपनीने टीडीएस कापून फॉर्म १६ दिला म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. फॉर्म १६ हा करकपातीचा दाखला होय, विवरणपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात परदेशी मूळ कंपनीचे समभाग कर्मचाऱ्यांना देण्याची पद्धत आहे. त्यांची नोंद विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात करावी लागते. ती न केल्यास २०१५ च्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली १० लाख रुपये शास्ती होऊ शकते. स्थावर वगळता इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाख रुपयांपर्यंत असल्यास १ ऑक्टोबर २०२४ पासून या शास्तीतून सूट देण्यात आली आहे. नोंद करण्याचे बंधन मात्र कायम आहे.

उशिराचे परिणाम

नियत तारीख चुकल्यास त्या निर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. त्यासाठी कलम २३४एफ अन्वये ५,००० रुपये शुल्क आहे; एकूण उत्पन्न ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास ते १,००० रुपये होते. शिवाय न भरलेल्या करावर कलम २३४ए अन्वये दरमहा १ टक्का व्याज लागते. महिन्याचा एखादा दिवस झाला, तरी पूर्ण महिना धरला जातो. आगाऊ कर पुरेसा भरला नसल्यास कलम २३४बी अन्वये आणखी दरमहा १ टक्का व्याज एप्रिलपासून मोजले जाते.

पैशांत लगेच न दिसणारे परिणामही आहेत. व्यवसायातील किंवा समभागांच्या व्यवहारातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क, विवरणपत्र मुदतीत भरले तरच टिकतो. जुनी करप्रणाली निवडण्याचा पर्यायही मुदतीनंतर उरत नाही. त्यामुळे गृहकर्ज, विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटींवर अवलंबून असलेल्या करदात्याचे नुकसान होते.

३१ डिसेंबरही उलटल्यास, २०२२ पासून उपलब्ध असलेले अद्ययावत विवरणपत्र हा मार्ग राहतो. त्याची मुदत २०२५ मध्ये निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. कर व व्याज यांच्यावर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० व चौथ्यात ७० टक्के अतिरिक्त कर भरावा लागतो. या मार्गाने परतावा मागता येत नाही किंवा तोटाही दाखविता येत नाही. घरावर किंवा कार्यालयावर विभागाचा छापा पडल्यानंतर संबंधित वर्षांसाठी हा मार्ग बंद होतो.

परतावा बुडणे

विवरणपत्र न भरल्याने नेहमी शासनाचेच नुकसान होते असे नाही. कंत्राटी बसचालक, छोटे ठेकेदार यांच्या देयकांतून कर कापला जातो. पुष्कळदा त्यांचे उत्पन्न करपात्र नसते. कापलेली रक्कम परत मिळविण्याचा मार्ग विवरणपत्र हाच आहे. मुदत उलटून गेल्यास कलम ११९(२)(बी) अन्वये विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो आणि उशिरास खरेखुरे कारण असल्याचे पटवून द्यावे लागते.

दोषपूर्ण व खोटे विवरणपत्र

भरलेले विवरणपत्रही ‘न भरलेले’ ठरू शकते. ऑनलाइन सादर केल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करणे आवश्यक असते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने ती होते. पडताळणी मुळीच न केल्यास विवरणपत्र अवैध ठरते. माहिती अपुरी असल्यास कलम १३९(९) अन्वये दोष दुरुस्त करण्यासाठी १५ दिवस दिले जातात. दुरुस्ती न झाल्यास ते भरलेच नव्हते असे मानले जाते.

खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळविणे हा याहून गंभीर प्रकार आहे. काही मध्यस्थ परताव्यातील वाटा घेऊन पगारदारांसाठी बनावट घरभाडे, देणग्या, विमा व उपचारखर्च दाखवितात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभर सुमारे १५० ठिकाणी याविरुद्ध कारवाई केली. त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे विभागाने त्या वेळी सांगितले. मध्यस्थाने काहीही लिहिले, तरी विवरणपत्रातील विधान करदात्याचेच असते व त्याची जबाबदारीही त्याचीच असते.

नोटीस, निर्धारण आणि शास्ती

बँका, निबंधक कार्यालये, म्युच्युअल फंड यांच्याकडून येणारी माहिती पॅन क्रमांकाखाली एकत्र होते व ‘वार्षिक माहिती विवरण’ या पत्रकात दिसते. व्यवहार मोठे पण विवरणपत्र नाही, असे आढळल्यास विभाग कलम १४२(१) अन्वये ते मागवितो. या नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास प्रत्येक वेळी १०,००० रुपये शास्ती होऊ शकते.

त्यानंतर अधिकारी कलम १४४ नुसार उपलब्ध माहितीवरून आपल्या विवेकबुद्धीने उत्पन्न ठरवितो. तत्पूर्वी करदात्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते. तीही न घेतल्यास खर्च, वजावट, सूट यांचा विचार होण्याची शक्यता कमी होते. ज्या रोख रकमेचा किंवा ठेवीचा उगम सांगता येत नाही, तिच्यावर ६० टक्के कर, त्यावरील अधिभार व उपकर मिळून ७८ टक्के आकारणी होते. वर्षे उलटली म्हणून प्रकरण संपत नाही. सामान्यतः निर्धारण वर्षानंतर ३ वर्षे ३ महिन्यांपर्यंत, तर दडलेले उत्पन्न ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास ५ वर्षे ३ महिन्यांपर्यंत पुनर्निर्धारणाची नोटीस येऊ शकते.

कलम २७०ए अन्वये उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के व खोटे दाखविल्यास २०० टक्के शास्ती आहे. विवरणपत्रच न भरणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ‘कमी दाखविलेले’ मानले जाते.

या पायऱ्यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या घरमालकाचे वर्षाचे उत्पन्न ५ लाख रुपयांहून अधिक असून भाड्यावरील ६०,००० रुपये कर भरावयाचा राहिला आहे आणि त्याने आगाऊ कर भरलेला नाही असे समजू. मुदत ३१ जुलै असताना त्याने डिसेंबरमध्ये विवरणपत्र भरल्यास शुल्क ५,००० रुपये, २३४ए चे पाच महिन्यांचे व्याज ३,००० रुपये आणि २३४बी चे नऊ महिन्यांचे व्याज ५,४०० रुपये, असा सुमारे १३,४०० रुपयांचा भार पडतो. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे किरकोळ व्याज वेगळे. तो गप्प राहिला व विभागाने उत्पन्न शोधून काढले, तर वाढत जाणाऱ्या व्याजाखेरीज ३०,००० रुपयांची, आणि खोटेपणा सिद्ध झाल्यास १,२०,००० रुपयांची शास्ती लागू शकते.

वसुली व इतर अडचणी

मागणी भरली नाही, तर विभाग कलम २२६(३) अन्वये बँकेला किंवा भाडेकरूला रक्कम थेट शासनाकडे भरण्यास सांगू शकतो. कर वसुली अधिकारी मालमत्ता जप्त करून तिचा लिलाव करू शकतो. करदात्याच्या मृत्यूनंतर ही देणी वारसांकडून, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, वसूल होतात. मागील तीन वर्षे विवरणपत्र न भरणाऱ्याने बँकेतून वर्षाला २० लाख रुपयांहून अधिक रोख काढल्यास जादा रकमेवर २ टक्के आणि १ कोटीवरील रकमेवर ५ टक्के कर कापला जातो. नियमित विवरणपत्र भरणाऱ्यास ही कपात १ कोटी रुपयांनंतर, तीही २ टक्के दरानेच, लागू होते.

गृहकर्ज व परदेशी व्हिसा यांसाठी मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली जातात. कमावत्या व्यक्तीचा रस्ते अपघातात मृत्यू झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तिचे उत्पन्न सिद्ध करण्यासाठी विवरणपत्र हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. ते नसल्यास प्रत्यक्ष कमाई कितीही असली, तरी भरपाई अंदाजे धरलेल्या उत्पन्नावर निश्चित होण्याची शक्यता असते. न भरलेल्या विवरणपत्राची झळ अशा वेळी मागे राहिलेल्या कुटुंबाला बसते.

फौजदारी जबाबदारी

जाणूनबुजून विवरणपत्र न भरणे हा कलम २७६सीसी खाली अपराध आहे. बुडू शकणारा कर २५ लाख रुपयांहून अधिक असल्यास ६ महिने ते ७ वर्षे सक्तमजुरी व द्रव्यदंड, तर इतर प्रकरणांत ३ महिने ते २ वर्षे शिक्षा सांगितली आहे. निर्धारण वर्ष संपण्यापूर्वी विवरणपत्र भरल्यास, अथवा आगाऊ कर व करकपात वजा जाता देय कर १०,००० रुपयांपेक्षा अधिक नसल्यास व्यक्तीवर या कलमाखाली खटला चालविता येत नाही. कलम २७८ई नुसार दोषी हेतू होता असे न्यायालय गृहीत धरते. तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते.

या कलमावरील प्रसिद्ध निवाडा म्हणजे ‘शशी एंटरप्रायझेस विरुद्ध सहायक प्राप्तिकर आयुक्त’. तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता व व्ही. के. शशिकला या भागीदार असलेल्या संस्थेचे हे प्रकरण होते. नियत मुदतीत विवरणपत्र न भरताच अपराध घडतो. निर्धारण प्रलंबित आहे, हा खटल्याविरुद्ध बचाव होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी स्पष्ट केले. पुढे हे प्रकरण विभागाशी तडजोड शुल्क भरून मिटविण्यात आले. अशी तडजोड कायद्यात मान्य आहे. ती हक्क म्हणून मात्र मागता येत नाही.

कर कापला गेला होता, हा बचाव पुरेसा नसल्याचे दिल्लीतील तीस हजारी न्यायालयाच्या २०२४ मधील निकालावरून दिसते. सुमारे २ कोटी रुपयांच्या जमेवर २ लाख रुपये करकपात झालेली असतानाही विवरणपत्र न भरल्याबद्दल एका महिलेला ६ महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावण्यात आली.

निषेध म्हणून नकार

शासनाच्या कारभाराचा निषेध म्हणून कर नाकारण्याची परंपरा भारतात आहे. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा नाकारला आणि त्यासाठी जमिनी व जनावरे यांची जप्ती सोसली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातील गैरव्यवहाराच्या प्रकरणात, भ्रष्टाचाराला आळा बसत नसेल तर नागरिकांनी असहकार पुकारून कर भरण्यास नकार द्यावा, अशा आशयाचे भाष्य केले होते. हे भाष्य उद्वेगाचे निदर्शक असले, तरी त्यामुळे कोणालाही विवरणपत्रातून सूट मिळत नाही. निषेध हे कारण प्राप्तिकर कायद्यात मान्य नाही. उलट लेखी नकार हा जाणूनबुजून केलेल्या कृतीचाच पुरावा ठरू शकतो.

इतर देशांतही न्यायालयांची भूमिका अशीच आहे. आपले उत्पन्न बेकायदा असल्याने ते सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे होईल, हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली सलिव्हन प्रकरणात फेटाळला. त्यानंतर चारच वर्षांनी शिकागोचा कुप्रसिद्ध गुन्हेगार अल कपोन याला करचुकवेगिरी व विवरणपत्र न भरणे या आरोपांवर ११ वर्षांची शिक्षा झाली.

नोटीस आल्यास

नोटीस आल्यास प्रथम प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर तिच्या क्रमांकाची सत्यता तपासता येते. त्यानंतर उत्तराची तारीख पाहणे, वार्षिक माहिती विवरणातील नोंदी आपल्या कागदपत्रांशी ताडून पाहणे आणि मुदतीत उत्तर देणे आवश्यक असते. नोंद चुकीची असल्यास तसे ऑनलाइन कळविता येते. आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) व पुढे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यातही आहे.

हे सुद्धा पहा

- प्राप्तिकर
- स्थायी खाते क्रमांक
- बारडोली सत्याग्रह
- हिंजवडी
- माण (मुळशी)